लहान जोडी आणि दणादण रेझ करणारा भिडू: लिमिट होल्डेममध्ये कोणत्या क्रमानं खेळायचं

तीन पत्तीत पंजीची जोडी आली की माणूस सावरून बसतो, आणि ते बरोबरच आहे. तीन पानांच्या खेळात चारांतले तीन हात जोडीशिवायचे असतात. होल्डेममध्ये शेवटी सात पानांतून (दोन हातातली, पाच टेबलावरची) पाच जुळवायची असतात. तिथे साधी जोडीसुद्धा लागली नाही असं शंभरात सतराच वेळा होतं. म्हणजे तीच पंजीची जोडी इथे बरीच खालच्या पायरीवर उतरते. पण आपल्या नागपुरात बहुतेकांचा हात दिवाळीच्या तीन पत्तीवर बसलेला. समोरचा रेझवर रेझ करत असला तरी एकच उत्तर: "काहून सोडू बे, जोडी हाये ना!"

आमच्या शनिवारच्या बैठकीत हीच चूक दर आठवड्याला नव्यानं होते, म्हणून सगळा क्रम एकदा लिहून काढतो. नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरलंय. लहान जोडी म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंत. सत्ती सीमेवरची आहे, तिचा हिशेब थोडा वेगळा.

उदाहरणांत सगळीकडे हेच आकडे राहतील: ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप) 1 आणि 2 चिप, फ्लॉपपर्यंत (टेबलावरची पहिली तीन पानं) बेट 2 ची, टर्न आणि रिव्हरला (चौथं आणि पाचवं पान) 4 ची. लिमिट म्हणजे बेटचा आकडा असा आधीच ठरलेला. एका फेरीत एक बेट आणि तीन रेझ, त्यापुढे कॅप. म्हणजे फ्लॉपच्या आधी रेझ 4 चा, रीरेझ 6 चा, कॅप 8 ला. आमच्याकडे चिप म्हणजे नुसती चिप. पैसे लावत नाही, तुम्हीही लावू नका. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. आमच्यात हरणाऱ्यानं पुढच्या शनिवारी पत्ते पिसायचे, एवढीच शिक्षा.

पायरी 1: आकडे हाताला लावून घ्या

हे घरी, एकट्यानं करायचं. पत्त्यांच्या जोडातून दोन पंज्या काढून समोर ठेवा. उरलेली 50 पानं पिसा, वरची तीन उघडा, तिसरी पंजी आली का ते लिहा. पानं परत घाला, पुन्हा पिसा. असं शंभर वेळा. तासभर जाईल, कंटाळा येईल, आणि मेमध्ये करत असाल तर कूलर पत्ते उडवेल. तरी करा. पंजी साधारण बारा वेळा येईल. आठ किंवा पंधरा आली तरी हिशेब चुकलेला नाही. खरा आकडा 11.8 टक्के, म्हणजे फ्लॉपला सेट (हातातली जोडी धरून तीन सारखी) न लागण्याचं प्रमाण 7.5 ला 1.

नुसता वाचलेला आकडा टेबलावर बसलं की विसरतो. अठ्ठ्याऐंशी वेळा हात चोळत बसलेला माणूस विसरत नाही.

सोबत आणखी तीन आकडे पाठ करा.

फ्लॉपला सेट नाही लागला, तर टर्नच्या एका पानावर तो लागण्याचं प्रमाण 22.5 ला 1 इतकं वाईट आहे. तुमच्या जोडीला फक्त दोन पानं सुधारू शकतात.

हातात पंजीची जोडी असेल तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव फ्लॉपवर पंजीपेक्षा मोठं निदान एक पान असतंच. त्यामुळे "फ्लॉपला मोठं पान आलं" ही बातमीच नाही.

समोरच्याच्या हातात जोडी नसेल, तर त्याला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता 32 टक्के. दोन-तृतीयांश वेळा तोही रिकामाच असतो. पुढचा बराचसा खेळ या एका आकड्यावर उभा आहे.

> तपासा: दुर्री ते छक्की यांपैकी एखादी जोडी येण्याचं प्रमाण 44 डावांत एकदा. तासाला तीसेक डाव वाटले जात असतील, तर तीन तासांच्या बैठकीत ती दोनदा येईल. लोक ती टाकायला तयार नसतात त्याचं कारण बहुतेक हेच: इतक्या वेळानं आली, आता खेळलंच पाहिजे. वाट किती वेळ पाहिली याचा पॉटशी संबंध नाही.

पायरी 2: समोरचा खरंच आक्रमक आहे का, ते मोजा

मोठ्यानं बोलणारा, चिप आपटणारा भिडू आक्रमक असतोच असं नाही. आमच्यात एक जण आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. चिप अशा टाकतात की टेबल हलतं, पण रेझ करतात ते दहाची जोडी किंवा एक्का-राजा असेल तेव्हाच. नवीन माणूस त्यांना आक्रमक समजतो आणि लहान जोडी घेऊन नडतो.

म्हणून मोजा. त्याच्या आधी कुणीच पॉटमध्ये आलेलं नाही, अशा वीस संधी बघा. त्यांत त्यानं किती वेळा रेझ केला? तीन-चार वेळा केला तर भिडू कडक आहे. दहा किंवा जास्त वेळा केला, तर तो निम्म्या हातांवर रेझ करतोय.

फरक किती पडतो ते पंजीच्या जोडीवर बघा. अगदी कडक भिडू सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगातले एक्का-गुलाम आणि राजा-राणी एवढ्यांवरच रेझ करतो असं धरू. हे एकूण 88 प्रकारचे हात. त्यांतले 48 हात तुमच्यापेक्षा मोठ्या जोडीचे. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही दोन पानांच्या आशेवर बसलेले असता. निम्म्या हातांवर रेझ करणाऱ्याकडे मात्र पंजीहून मोठी जोडी शंभरात नऊच वेळा असते. पत्ते तेच, रेझ तोच, फक्त माणूस वेगळा.

दुसरी गोष्ट बघायची ती फ्लॉपनंतरची. हा एकदा बेट टाकून टर्नला थांबणारा आहे, की रिव्हरपर्यंत ओढत नेणारा? शो होतो तेव्हा त्यानं कुठल्या पानांवर तिन्ही बेट मारल्या ते लक्षात ठेवा. तुम्ही डावात नसता तेव्हाच हे नीट दिसतं. तेव्हाच नेमके लोक मोबाइल काढतात.

> इशारा: एकाच संध्याकाळी हरत गेलेला कडक भिडू शेवटच्या तासात पिसाटतो, आणि पिसाट भिडू जिंकायला लागला की कडक होतो. वीसची मोजणी त्या दिवसापुरतीच.

पायरी 3: जागा

जागा निवडता येत असेल तर आक्रमक भिडू उजव्या हाताला ठेवा, म्हणजे तो तुमच्या आधी बोलेल. तो रेझ करतोय की नाही हे बघून तुम्हाला ठरवता येतं आणि बाकीच्यांना बाहेर काढायला दुसरा रेझ हाताशी राहतो. तो डावीकडे असेल तर तुम्ही 2 चिपवर स्वस्तात आत जाता, तो 4 करतो, मधले पळतात आणि तुम्ही एकटेच त्याच्या आधी बोलायच्या जागी अडकता. तशी जागा मिळालीच तर पहिल्या तीन खुर्च्यांवरून दुर्री, तिर्री, चारची जोडी सरळ पॅक करा.

पायरी 4: फ्लॉपच्या आधी माणसं मोजा

या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. लहान जोडी एकाशी चांगली, पाचांशी चांगली, मधल्या दोघा-तिघांशी वाईट.

कारण साधं आहे. एकच भिडू असेल तर तुमची जोडी काही न लागताही जिंकू शकते, कारण तोही दोन-तृतीयांश वेळा रिकामा. पाच जण असतील तर जोडी तशीच जिंकणार नाही, पण सेट लागला तर भरपाई करायला पुरेशा चिप पॉटमध्ये असतात. दोघे असतील तर दोघांनाही काही न लागण्याची शक्यता निम्म्याखाली येते, 46 टक्के. तिघे असतील तर 31. म्हणजे जोडी तशी टिकत नाही आणि सेटच्या भरपाईला पॉटही पुरत नाही.

*तो एकटा.* त्यानं रेझ केलाय, मध्ये कुणी नाही, तुम्ही त्याच्या लगेच मागे. वीसच्या मोजणीत तो दहाच्या वर असेल तर पंजी-छक्कीवर रीरेझ करा, 6 चिप. नुसता कॉल (त्याच्या बेटची बरोबरी) नको. मागच्या ब्लाइंडवाल्यांना 6 चिप जड जातात, ते पळतात, आणि त्यांच्या 3 चिप पॉटमध्ये फुकट पडून राहतात. त्यानं कॉल केला तर पॉट 15 चा आणि शेवटी बोलायची जागा तुमची.

चारची जोडी मी फक्त अगदी पिसाट भिडूसमोर अशी खेळतो, दुर्री-तिर्री टाकतो. समोर कुठलीही दोन पानं धरली तर छक्कीची जोडी शेवटपर्यंत 63 टक्के जिंकते, पंजी 60, चार 57, तिर्री 54 आणि दुर्री फक्त 50. दुर्रीची जोडी म्हणजे नाणेफेक, आणि नाणेफेकीसाठी 6 चिप देणं मला पटत नाही.

*गर्दी.* चार-पाच जण आधीच 2 चिप टाकून आत आलेत आणि रेझ नाही, तर कुठलीही जोडी घेऊन आत जा. रेझ झालाय पण तुमच्यासकट पाच जण असणार, तर असा हिशेब करा. तुमच्या 4 चिप, बाकीच्यांच्या 16. साडेसातदा चुकून एकदा लागतो, म्हणजे 30 चिप जातात आणि 16 परत येतात. उरलेल्या 14 फ्लॉपनंतर मिळायला हव्यात. सेट लागूनही कधीकधी हरतो, म्हणून 20 धरा. आक्रमक भिडू बेट टाकतोय आणि दोघे मागे लागलेत अशा पॉटमध्ये 20 चिप मिळतात.

*मधली अवस्था.* आक्रमक भिडूनं रेझ केला, एकानं कॉल केला, आता तुम्ही. टाका. आमच्या टेबलावर नव्वद टक्के चुका इथेच होतात (हा माझा अंदाज, वहीतला आकडा नाही), कारण तीन जणांचा पॉट दिसायला भरलेला दिसतो.

*बिग ब्लाइंडमध्ये.* बटणावरून (वाटणाऱ्याच्या, फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवरून) त्यानं रेझ केला, स्मॉल ब्लाइंड पळाला. पॉटमध्ये 7 आहेत, तुम्हाला 2 टाकायच्या. निम्म्या हातांवर रेझ करणाऱ्यासमोर इथून कुठलीच जोडी टाकू नका, दुर्रीसुद्धा. कडक भिडू असेल तर दुर्री-तिर्री टाका. बाकीच्यांवर कॉल केला तरी सेट नाही लागला की बहुधा सोडायचंच आहे हे मनात धरून बघा.

*स्मॉल ब्लाइंडमध्ये.* नुसता कॉल करू नका. पंजी-छक्की असेल आणि रेझ करणारा पिसाट असेल तर रीरेझ, नाहीतर पॅक. कॉल केला की बिग ब्लाइंडला स्वस्तात आत बोलावता आणि मधली अवस्था स्वतःच्या हातानं तयार करता.

> इशारा, स्वतःच्या खर्चानं शिकलेला: दोन आक्रमक भिडू एकमेकांशी भांडत असतील तर मध्ये पडू नका. मे महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे तिर्रीची जोडी, पुढच्यानं 4 केले, मी कॉल केला, मागच्यानं 6, पुढच्यानं 8 ला कॅप. "आता एवढे टाकलेच आहेत" म्हणत मी आठही भरले. फ्लॉपला काही नाही. पण पॉट 27 चा! त्यात पहिल्यानं 2 ची बेट टाकली. 29 चा पॉट आणि मला फक्त 2 टाकायच्या, म्हणजे 14.5 ला 1, लागतात 22.5 ला 1. भरलेल्या पॉटकडे बघून मी टाकल्या, मागच्यानं रेझ केला, आणखी 2 गेल्या. शोला एकाकडे राण्यांची जोडी, दुसऱ्याकडे एक्के. पुढच्या शनिवारी पत्ते मीच पिसले.

पायरी 5: फ्लॉपवरच ठरवा, मुक्कामापर्यंत जायचं की नाही

सर्वात महाग सवय कोणती विचाराल तर फ्लॉपला 2 चिपचा कॉल करून टर्नला 4 ची बेट आली की पॅक. आक्रमक भिडूला हेच हवं असतं. तो फ्लॉपलाही बेट टाकणार, टर्नलाही टाकणार. टर्नला तो थांबेल या आशेवर कॉल करणं म्हणजे त्याला दर वेळी 2 चिपचं दान. सेटसाठी म्हणाल तर तेही जुळत नाही: बिग ब्लाइंडच्या डावात फ्लॉपला 9 चा पॉट, त्याची 2 ची बेट, म्हणजे तुम्हाला 5.5 ला 1 मिळतात.

म्हणून फ्लॉपला प्रश्न असा विचारा: शेवटपर्यंत जायला 10 चिप लागतील (2, 4 आणि 4), त्या वसूल होतील का?

बिग ब्लाइंडमधून साधा कॉल करून आला असाल तर 10 टाकून 19 मिळवायच्या आहेत. शेकडा साडेचौतीस वेळा जिंकायला हवं. रीरेझ करून आला असाल तर 10 टाकून 25, साडेअठ्ठावीस पुरतात.

पण आत्ता पुढे असणं आणि शेवटी जिंकणं वेगळं. त्याच्याकडे दोन मोठी पानं असतील तर त्याला सहा पानं सुधारतात, दोन पानांत साधारण चारातून एकदा तो तुम्हाला गाठतो. उलट तुम्ही मागे असाल तर दोन पानांत सेट लागण्याची शक्यता आठ टक्के. दोन्ही धरून मी हे दोन आकडे वापरतो: साध्या कॉलच्या डावात फ्लॉपला दहातून चार वेळा तुम्ही पुढे असाल असं वाटलं तर शेवटपर्यंत जा, रीरेझच्या डावात दहातून तीन वेळा.

आता फ्लॉपकडे बघा. हातात चारची जोडी, समोर बटणावरचा पिसाट.

*राजा-सात-दोन, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.* यापेक्षा बरा फ्लॉप सेटशिवाय मिळत नाही. क्रमानं लागणारं काही नाही, रंगाचं काही नाही. तो बेट टाकणारच. तो रिव्हरपर्यंत ओढत नेणारा असेल तर चेक-कॉल (आपण बेट न टाकता थांबायचं, त्यानं टाकली की भरायची), चेक-कॉल, चेक-कॉल. रेझ केलात तर त्याचे रिकामे हात पळतील आणि टर्न-रिव्हरच्या 8 चिप तुम्हाला मिळणार नाहीत. पण तो एकच बेट टाकून थांबणारा असेल तर फ्लॉपलाच चेक-रेझ करा. पुढची पानं त्याला फुकट बघू देऊ नका.

*एक्का-नऊ-तीन.* इथे लोक घाबरून पॅक करतात. हिशेब करा: निम्म्या हातांवर रेझ करणाऱ्यानं एक्का असलेले सगळे हात त्यात घेतले असतील तरीही, फ्लॉपला एक एक्का दिसत असताना त्याच्या हातात दुसरा असण्याची शक्यता चारातून एक. नऊ-तिर्रीच्या जोड्या आणि मोठ्या जोड्या धरल्या तरी दहातून चारच्या वर तुम्ही पुढे आहात. चालत राहा. कडक भिडूसमोर याच फ्लॉपला पॅक.

*दहा-नऊ-आठ, त्यातली दोन बदामची.* टाका. इथे तुम्ही पुढे असलात तरी गुलाम, सात, राणी, बदाम अशी अर्धी पानं त्याच्या कामाची आहेत. पुढे आहोत एवढ्यावर भागत नाही.

*राणी-राणी-सात.* चांगला फ्लॉप, कारण त्याला लागायला पानंच कमी. पण यात एक खड्डा आहे. टर्नला सात आली तर टेबलावरच राणी-राणी-सात-सात होतात आणि तुमची चारची जोडी मेली. आता दोन्ही जोड्या सगळ्यांच्या, पाचवं पान कुणाचं मोठं एवढाच प्रश्न, आणि तुमच्याकडे चार. त्याच्या हातात एक्का-गुलाम असेल तर तो पुढे गेला. म्हणजे अशा फ्लॉपवर त्याला सहा नाही, उरलेल्या तीन सत्त्या धरून नऊ पानं लागू पडतात. "माझ्याकडे तर दोन जोड्या आहेत" असं म्हणत शो करणारा महिन्याला एक तरी भेटतो.

> तपासा: कॉलची चिप उचलण्याआधी स्वतःला विचारा: टर्नला 4 ची बेट आली तर काय करणार? उत्तर "बघू" असेल तर चिप खाली ठेवा.

डावात दोघे भिडू असतील आणि सेट नसेल तर वरचं काहीच लागू नाही. चेक, आणि बेट आली की पॅक.

पायरी 6: टर्न

फ्लॉपला नीट ठरवलं असेल तर इथे काम कमी. त्यानं दुसरी बेट टाकली तर 8 चिप टाकून 21 मिळवायच्या आहेत, 27-28 टक्के पुरतात. नुसतं एक मोठं पान आलं म्हणून बेत बदलू नका. बदलायचं ते दोन कारणांनी: वर सांगितल्यासारखी तुमची जोडी मेली, किंवा टेबलावर एकाच रंगाची चार पानं किंवा सलग चार पानं झाली.

त्यानं चेक केलं आणि तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल, तर 4 ची बेट टाका. हातात आलेला चेक तसाच परत देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. "फुकटात पान बघू" म्हणतात. फुकट पान त्याच्या सहा पानांना मिळतं. तुमची दोनच आहेत.

तुमच्या बेटवर त्यानं टर्नला रेझ केला तर? बहुतेक भिडू, आक्रमकसुद्धा, टर्नचा रेझ रिकाम्या हातानं करत नाहीत. 4 ची बेट आहे आणि रिव्हरलाही 4 आहेत. पॅक. रिकाम्या हातानं टर्नला रेझ करताना शोमध्ये स्वतः पाहिलेला भिडूच तेवढा अपवाद.

पायरी 7: रिव्हर

साध्या कॉलच्या डावात इथपर्यंत पॉट 21 चा, त्याची बेट 4 ची. 4 टाकून 25 मिळतात. सात वेळांत एकदा बरोबर ठरलात तरी पुरतं. इथे पॅक करायला फार मोठं कारण लागतं. रेझ करू नका, तुमच्याहून वाईट हात त्यावर कॉल करणार नाही. त्यानं चेक केलं तर तुम्हीही चेक करा. नुसत्या एक्क्यावर चिप भरणारा भिडू असेल तरच 4 ची बेट.

> इशारा: सलग चारदा कॉल करून हरलात तरी पाचव्या वेळी हिशेब तोच राहतो. चिडून पॅक करणाऱ्याला आक्रमक भिडू दुसऱ्या दिवशीही ओळखतो.

पायरी 8: आणि सेट लागला तर

तीन पत्तीत ट्रेल आली की माणूस चेहरा पाडतो आणि गपचूप चाल देत राहतो. लिमिटमध्ये ही सवय नुकसान करते. इथे शेवटी एका दणक्यात सगळं ओढता येत नाही. बेट ठरलेली, रेझ मोजलेले. एक फेरी गप्प घालवली की त्या फेरीच्या चिप गेल्या.

एकटाच आक्रमक भिडू, फ्लॉप कोरडा (रंगाची किंवा सीक्वेन्सची आशा नसलेला): फ्लॉपला कॉल, टर्नला रेझ. त्याला बेट टाकू द्या आणि बेट दुप्पट झाल्यावर पकडा. शेवटी बोलायची जागा त्याची असेल आणि तो टर्नला थांबू शकतो असं वाटत असेल, तर वाट बघू नका, फ्लॉपलाच चेक-रेझ.

गर्दी असेल, किंवा फ्लॉपला दोन बदाम, सलग पानं असतील: लगेच रेझ, त्याच्या रीरेझवर पुन्हा रेझ. मागे लागलेल्यांकडून दोन-दोन बेट घ्या. लहान सेट गर्दीत रंगाला आणि सीक्वेन्सला हरतो. तोच त्याचा मोठा धोका.

समजा रंग लागलाच समोर, तिसरं बदाम टर्नला आलं आणि पिसाट नसलेल्या भिडूनं तुमच्या बेटवर रेझ केला. पॅक करू नका. टेबलावरची चार पानं वेगवेगळी असतील तर रिव्हरला दहा पानांवर तुमचा फुल हाउस किंवा चार सारखी होतात. कॉल करा, रिव्हरला नाही लागलं तर परिस्थिती बघा. फ्लॉपला सेट असताना रिव्हरपर्यंत फुल हाउस किंवा त्याहून वर जाण्याची शक्यता तीनातून एक आहे.

डाव संपल्यावर

छोटी वही ठेवा. प्रत्येक लहान जोडीच्या डावाचे पाच रकाने: कुठली जोडी, फ्लॉपच्या आधी किती जण, रेझ करणारा वीसात किती, फ्लॉपला काय ठरवलं होतं, आणि खरं काय केलं. जिंकलो-हरलो हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. दोन-तीन महिन्यांत पंधरा-वीसच नोंदी होतात, तेवढ्यात जिंकण्या-हरण्यावरून काही कळत नाही. शेवटचे दोन रकाने किती वेळा जुळत नाहीत ते बघा. माझ्या वहीत पहिल्या पानावर अकरांपैकी सात जुळत नव्हते, आणि त्या सातांतल्या पाच ठिकाणी दुसऱ्या रकान्यात एकच आकडा होता: तीन.